चुलीमागची बरणी

जन्मभर मी ज्वारीतली जाळी झाडली. धान्याला ऊन दाखवलं, कडुलिंबाचा पाला घातला, राख चोळली, आणि तरी घरात एखादं भुरकं पाखरू उडताना दिसलं तर हातातली भाकर टाकून त्याच्यामागे धावले. माझ्या कणगीला जाळी लागली असं मोताळ्यात कोणी म्हणून दाखवावं. आणि नातवंडं खेळवायच्या वयात मला काम मिळालं, ते ज्वारीला मुद्दाम जाळी लावायचं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या रस्त्याला सरकीचं एक जुनं गोदाम रिकामं पडलेलं. त्याला चुना फासून सरकारनं तिथे कीटकांची प्रयोगशाळा काढली. साहेब आले पुण्याकडचे, अभ्यंकर नावाचे. माणूस काडीसारखा, आणि बोलणं असं की शब्द न् शब्द वस्त्रगाळ. कोणी तरी त्यांना सांगितलं, माळ्याच्या सत्यभामाबाईची ज्वारी चोख असते. ते थेट आमच्या अंगणात आले.

"बाई, तुमच्या ज्वारीला औषध तर लावलेलं नाही ना?"

"औषध कायले लावू? माही ज्वारी का बिमार हाय?"

साहेब हसले. म्हणाले, "मला तिच्यात पाखरं पाळायची आहेत."

मी म्हटलं, "मंग घरी बायको नाई वाटते तुमच्या. असती तर ही अक्कल सुचली नसती."

बायको नव्हतीच. पण माणूस रागावला नाही. ओट्यावर बसून त्यानं मला सगळं समजावलं. ज्वारीचा भरडा करायचा, लाकडी पेट्यांत भरायचा आणि त्यात ही पाखरं वाढवायची. पाखरं अंडी घालतात, खसखशीहून बारीक. ती अंडी कुंचल्यानं गोळा करून डिंक लावलेल्या जाड कागदावर पसरायची. मग त्या कागदावर सोडायची एक माशी. माशी म्हणायची एवढंच, सुईच्या टोकावर दोन मावतील. ती माशी पाखराच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतलं सगळं खातं, अंडं काळं पडतं, आणि त्यातून पाखरू न निघता माशीच निघते. ज्वारीतलं पाखरू हे नुसतं तिला पोसायला. वावरात सोडली की हीच माशी बोंडअळीची अंडी शोधते, तुरीवरच्या अळीची शोधते. अळी जन्मालाच येत नाही. मग औषध कोणावर फवारायचं?

मला गोष्ट पटली. खोटं कशाला सांगू, पगारही पटला. पण आधी गोष्ट पटली.

जात्यावर भरडा मीच काढायची. पेट्या मी झाडायची, काचेची भांडी मी धुवायची, अंडी मी गोळा करायची. तुळशीराम म्हणून एक म्हातारा शिपाई होता, तो दार उघडायचा, झाडू मारायचा, पाणी भरायचा आणि देवाधर्माच्या गोष्टी सांगायचा. गावानं मला नाव ठेवलं, अळ्यांची माय. बाजारात वांगी विकायला बसले की बाया मुद्दाम विचारायच्या, "काय व, लेकरं बरी हायेत ना?" मी म्हणायची, "तुह्या लेकरांपेक्षा बरी. शिव्या तरी देत नाहीत."

पण सगळ्यात जास्त चिडवायचा तो आमचा निवृत्ती.

एकुलता एक पोरगा. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. सोसायटीनं पाठीवरचे पंप आणले तेव्हा ते चालवायला पहिला हाच शिकला, आणि तेव्हापासून साऱ्या शिवारात कोणाची कापसाची पऱ्हाटी असो, कोणाची तूर असो, फवारायला निवृत्तीलाच बोलावणं, गावचे मोठे कास्तकार उत्तमराव यांचं तर सगळ्यात आधी. अळी मारायच्या एन्ड्रिनचा डबा उघडला की वासानं कुत्रं दूर पळायचं. हा मात्र उघड्या पाठीवर पंप घेऊन असा चालायचा, जसा काही मारुती डोंगर उचलून चालला.

जेवायला बसला की सुरू. "माय, आज किती झाली बाळंतपणं?"

"तुह्याहून शहाणी हायेत. खातात अन् गप बसतात."

"मी दिवसभर मारतो, तू दिवसभर पाळतं. एका घरात दोन धंदे. आशा, तू कोणाकडून हायेस वं?"

सून आशा पदराआड हसायची. मी म्हणायची, "आधी हात धू, दोनदा धू. अन् तोंडाले फडकं बांधत जाय." तो म्हणायचा, "वास येते माय, बाकी काही नाई होत." आणि त्याच हातानं बिडी काढायचा.

एकदा मी त्याला ओढतच प्रयोगशाळेत नेलं. साहेबांनी त्याला भिंगाखाली माशी दाखवली. ती अंड्यावर चढलेली होती, पुढून मागून मोजमाप घेतल्यासारखी फिरत होती. हा पठ्ठ्या भिंगावर वाकला तो उठेचना.

"एवढीशी? हिले दात तरी हायेत का, साहेब?"

"दात नाहीत. पण काम आतून करते."

"उत्तमरावाच्या तुरीत जगन का?"

साहेब म्हणाले, "पावसाळ्यात जगेल. इथली थंडी सोसते का, तेच बघायचं आहे. ही पिढी हिवाळा काढून निघाली, तर पुढच्या खरिपात पहिले कागद तुमच्याच वावरात बांधू. नाही निघाली, तर वरचे लोक म्हणतील, बंद करा हे खेळ."

घरी येताना निवृत्तीनं बिडी काढली, पेटवली नाही. मग म्हणाला, "माय, औषधानं पाठ जळते माही. रात्री निजू देत नाई. कोणाले सांगू नको." आणि पांदीच्या वाटेच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "तुही माशी थंडीतून निघाली ना, तर पंप खुंटीले टांगतो. तुही आण."

मी म्हटलं, "माह्या आणा घेऊन घेऊन मले म्हातारी केलं तुनं."

मार्गशीर्षात थंडी उतरली. गोदामाचं छत टिनाचं. दिवसा तापायचं, रात्री बर्फ. साहेबांनी कंदील लावून बघितले, पण कंदिलाचं काय, कधी भडकतो कधी विझतो. त्यात त्यांना आठवडाभर नागपूरला जायचं निघालं. मी म्हटलं, "साहेब, कास्तकार सारं बियाणं एका कणगीत ठेवत नाही. उंदीर लागला तर सारंच जाते. एक बरणी माह्या घरी देऊन ठेवा."

"घरी कुठे ठेवाल?"

"चुलीमागं."

आमच्या चुलीच्या मागच्या भिंतीत कोनाडा आहे. मातीची जाड भिंत, संध्याकाळी चूल पेटली की पहाटेपर्यंत कोंबट राहते. मी हिवाळ्यात विरजण तिथेच लावते. साहेबांनी येऊन कोनाड्यात हात घालून पाहिला. त्यांना आवडलं. काळ्या अंड्यांचे कागद घातलेली, तोंडाला मलमल बांधलेली बरणी त्यांनी स्वतः आणून ठेवली आणि बोट उगारून म्हणाले, "सत्यभामाबाई, ही गार पडू देऊ नका. एक रात्र गारठली तर काही मरतील. दोन रात्री गारठली तर काही उरणार नाही."

"माह्या घरची चूल लग्न होऊन आल्यापासून विझली नाई," मी म्हटलं. बोलून गेले खरी.

साहेब गेल्यावर दोन दिवसांनी बाजार होता. निवृत्तीचे वडील, मोतीराम त्यांचं नाव, ते वांग्यांची पाटी घेऊन बाजारात बसलेले. मी प्रयोगशाळेत पेट्या झाडत होते. तुळशीराम दारात येऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

"मावशी, निवृत्तीले दवाखान्यात आणलं हाय. उत्तमरावाच्या तुरीतून."

दवाखान्यात डॉक्टरनं पाहिलं, सुई दिली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता बुलढाण्याला न्या. उत्तमरावांनी आपली जीप दिली. पोराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडातून फेस येत होता, अंग सारखं उडत होतं. सदरा अंगात घातलेला, बहुतेक दवाखान्यात न्यायचं म्हणून कोणी तरी घातला असेल, आणि पाठीकडून तो ओलाच होता. पंप गळत होता. मी पदरानं पुसत राहिले. ते पुसून जात नाही.

मध्ये एकदा त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "वारा फिरला, माय."

"हाव बापू. फिरला."

राजूरच्या घाटात, चढावर, तो गेला. जीपवाल्यानं गाडी उभी केली नाही, त्याला कळलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. घाट संपेपर्यंत मी त्याला तसंच घेऊन बसले. वर पोचल्यावर म्हटलं, "आता फिरव गाडी."

दिवस बुडायच्या आत सगळं उरकलं. त्याचं मी सांगत नाही.

आमच्यात मयत झालं की तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत घरात चूल पेटत नाही. घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात, शिजलेलं अन्न बाहेर टाकतात. शेजारीपाजारी भाकरी-पिठलं आणून देतात, ते दोन घास गिळायचे. सुतकातल्या घरची वस्तू दुसऱ्याच्या उंबऱ्याआत जात नाही. मी स्वतः हे सगळं उभ्या जन्मात पाळलं, दुसऱ्यांकडून पाळून घेतलं. कोणी चुकलं तर तोंडावर बोलले.

धामणगाव बढ्याहून माझी नणंद, गोजरबाई, त्याच संध्याकाळी आली होती. यांची थोरली बहीण, विधवा, तोंडानं माझ्यासारखीच, किंवा थोडी कमी. तिनं येताच घर हातात घेतलं. चुलीतली राख तिनं उपसली, पाण्याचे हंडे तिनं पालथे केले, आशाला कोपऱ्यात तिनं बसवलं. त्या दिवशी मला कोणी विहिरीत बसवलं असतं तर तिथेही बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम आला. अंगणात लांबच बसला, डोळे पुसले आणि मला धीर द्यायला म्हणून म्हणाला, "मावशी, तथची काळजी करू नका. खोली मी शुद्ध केली."

"कोणती खोली?"

"आपली. तुमाले बातमी तथीच लागली ना. सुतक तथी शिरलं. घरात कसं करतो आपण, तसंच केलं. पाणी ओतलं, पेट्यांतला भरडा तुमच्या हाताचा होता, तो गाईंपुढं टाकला. गोमूत्र शिंपलं. मंग दार लावून लिंबाच्या पाल्याची धुरी दिली, चांगली रातभर. आता एक डाग नाई राह्यला."

मी विचारलं, "अन् माशा?"

"कोणत्या माशा, मावशी? मले तर कवा दिसल्याच नाहीत."

पाखरं गेली, अंडी गेली, माशा गेल्या. साहेबाची दोन वर्षं गाईंनी खाल्ली. आणि या म्हाताऱ्यानं ते माझ्या पोरासाठी केलं होतं, स्वतःच्या घरचं मयत असल्यासारखं. त्याच्या जागी मी असते तर मीही पाला पेटवला असता. मी एवढंच म्हटलं, "बरं केलं, तुळशीराम. घरी जाय."

तो गेल्यावर मला बरणी आठवली.

उठून आत गेले. कोनाड्यात हात घातला. भिंत गार, बरणी गार, जशी पाण्यातून काढलेली. एक रात्र तर गेलीच होती. मी बरणी पदरात घेतली, पोटाशी धरून बसले. पण माझंच अंग गार होतं. दुपारी अंगणात उन्हात नेली तर काच तापायला लागली. शेजारणीच्या चुलीजवळ ठेवावी तर सुतकाची वस्तू ती घेणार नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही घेतली नसती. ऊन कलायला लागलं. दुसरी रात्र यायला लागली.

साहेबाचं बोट डोळ्यांपुढे आलं. आणि पांदीच्या तोंडाशी उभं राहिलेलं माझं पोरगं.

मी पदर खोचला, चुलीपुढं बसले आणि काडी ओढली.

काडीच्या आवाजानं गोजरबाई आत आली.

"सत्यभामा! काय करून राह्यली व?"

"दिसत नाई का? चूल पेटवून राह्यली."

"पोराची राख अजून सावडली नाई, अन् तुले भूक लागली?"

"भूक नाई लागली. बरणी गार पडून राह्यली."

"कोणती बरणी?"

"माशांची."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय! माशांपायी? पोट्टं काल गेलं, अन् ही किड्यांले शेकून राह्यली! लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. लोकाचं तोंड का कणगी हाय, झाकण लावाले?"

"तुले लाज नसन. मले हाय. हे माह्या बापाचं घर हाय." आणि तिनं पाण्याचा तांब्या उचलला. जाळ नुकताच धरत होता. तिचा हात खाली यायचाच होता, तेवढ्यात कोपऱ्यातून आशा उठली.

कालपासून ती पोर त्या कोपऱ्यातून हलली नव्हती. ती चालत आली आणि चूल आणि गोजरबाई यांच्या मधात बसली. बांगड्या उतरवलेले मुंडे हात गुडघ्यावर ठेवून. म्हणाली, "राहू द्या, आत्याबाई. त्यायनं पंप खुंटीले टांगतो म्हटलं होतं."

गोजरबाईला काय कळणार? पण मला कळलं की पोरानं ते बायकोलाही सांगितलं होतं. म्हणजे तो थट्टा करत नव्हता.

गोजरबाईनं दाराकडे बघितलं. निवृत्तीचे वडील उभे होते. "मोतीराम, तू तरी सांग हिले. तुह्या घरात हे चालते का?"

यांचा स्वभाव असा, की लग्नापासून माझ्यापुढे बोलले नाहीत आणि बहिणीपुढेही नाहीत. ते वळून गेले. मला वाटलं, गेले. थोड्या वेळानं गोठ्याकडून तुराट्यांची मोळी घेऊन आले. मागच्या साली निवृत्तीनं कापून, बांधून, रचून ठेवलेल्या. गाठ त्याच्या हातची होती. त्यांना ती सुटेना. दातानं सोडवली, मोळी माझ्यापाशी ठेवली आणि भिंतीला टेकून बसले.

गोजरबाई तांब्या आपटून अंगणात गेली.

मग आम्ही तिघं बसून राहिलो. चूल पेटलेली आणि तिच्यावर काही नाही, ना तवा ना भाजीचा गंज. रिकाम्या चुलीचा जाळ कसा दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. मी तुराट्या एक एक सारत होते, जास्त नाही, विरजणापुरत्या. मधूनमधून कोनाड्यात हात घालायची. भिंतीला ऊब चढली तेव्हा बरणी जागेवर ठेवली.

शेजारीण भाकरी-पिठलं घेऊन येत होती. छपरातून निघणारा धूर तिनं पाहिला, आणि अंगणात गोजरबाईनं तिला जे सांगायचं ते सांगितलं. ती तिथूनच मागे फिरली. ज्या घरी चूल पेटली त्या घरी कोण कशाला घास आणेल? तर त्या संध्याकाळी गावात बोलणं झालं की सत्यभामानं पोराच्या मागं दुसऱ्याच दिवशी भाकरी थापून खाल्ल्या, आणि आम्ही तिघंही उपाशी निजलो.

तिसऱ्या दिवशी हे राख सावडायला गेले तेव्हा बरोबर जितकी माणसं असावीत तितकी नव्हती. दहाव्यालाही नव्हती. मी कोणाला खुलासा दिला नाही. ज्याला आपलं घर माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याच्या दारात मी जात नाही. पण यांच्या मागे खांद्याला खांदा देणारी माणसं कमी पडली, ते मला लागलं. ते अजून लागतं.

साहेब आले तेव्हा आमचं सुतक फिटलेलं नव्हतं. आधी ते गोदामात गेले असणार, कारण तुळशीराम त्यांच्या मागे मान खाली घालून आला. साहेब ओट्यावर बसले. "सत्यभामाबाई, मला बस अड्ड्यावर कळलं... मी... प्रयोगशाळेचं मनात आणू नका. ते पुन्हा उभं करता येईल, किंवा नाही येणार. त्याचं काही नाही."

मी आत जाऊन बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

मलमलीच्या आतल्या बाजूला काही ठिपके होते. साहेबांनी खिशातून भिंग काढलं. बरणी उजेडाकडे फिरवली. ठिपके उजेडाच्या बाजूला सरकले.

"जिवंत हायेत?" मी विचारलं.

"अर्ध्याहून कमी आहेत," साहेब म्हणाले. "पण आहेत." मग त्यांनी मान वर केली. "पण तुमच्याकडे तर या दिवसांत चूल..." आणि ते थांबले. दारातून आत चूल दिसत होती, कोनाडा काळा झालेला दिसत होता. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, बराच वेळ. काच काही एवढी मळलेली नव्हती.

नागपूरहून त्यांनी ताज्या अंड्यांचे कागद आणले होते. बरणी घेऊन ते गेले. तुळशीरामला त्यांनी कामावरून काढलं नाही, मीच म्हटलं होतं, त्याला काही बोलायचं नाही.

पुढच्या साली आमच्या तुरीला फुलं लागली तेव्हा साहेबांनी दिलेला शब्द पाळला. मी, हे आणि आशा, तिघांनी मिळून कागदाचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूला दोऱ्यानं बांधले. फवारणी केली नाही. तूर सोळा आणे पिकली असं खोटं मी सांगणार नाही. उत्तमरावांची आमच्याहून चांगली आली. पण आमची आली. घरातलं कोणी त्या तुरीत शिरून आजारी पडलं नाही. वरचे लोक साहेबांना म्हणाले, अजून एक साल बघा. तेवढंच.

निवृत्तीचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वावरात होते. बांधावरून कोणी तरी बाई येताना दिसली. जवळ आल्यावर कळलं, गोजरबाई. वर्षभरात तिनं आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. श्राद्धालाही अंगणाबाहेरूनच पान घेऊन गेली होती.

ती बांधाच्या धुऱ्यावर बसली. तुरीकडे बघत म्हणाली, "माह्या लहान्याले पंपाचा वास चालत नाई. वावरातून आला का ओकते. परवा अंग उडत होतं त्याचं."

मी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"सत्यभामा, तुही ती माशी मले देतं का?"

वर्षभर मी जे शब्द धार लावून ठेवले होते ते सगळे जिभेवर आले. किड्यांले शेकून राह्यली, हा तर पहिला. मी तिच्याकडे पाहिलं. म्हातारी झाली होती. तिचा लहाना म्हणजे निवृत्तीच्याच वयाचा, दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले.

यंदाच्या थंडीतही साहेबांनी एक बरणी माझ्या कोनाड्यात ठेवली होती, घरी नेऊन तीच तिला दिली. म्हटलं, "थंडी हाय. चुलीमागं ठेवजो. गार पडू देऊ नको."

"किती दिवस?"

"माशा निघतीन तोवर."

तिनं बरणी पदरात घेतली. दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली, पाठमोरीच. "अन् मधातच घरात काही इटाळ-सुतक आलं तर?"

"तवा तूच ठरवजो," मी म्हटलं.

ती गेली. धामणगावची गाडी लागेपर्यंत ती बरणी दोन्ही हातांनी धरून उभी होती, असं आशानं मला नंतर सांगितलं.

मी गोठ्यात गेले, बैलाला पेंड घालायला. तिथे खुंटीला पंप टांगलेला आहे. उत्तमरावांच्या गड्यानं तो तेराव्यानंतर आणून दिला, धुऊन, पुसून. मीच तो खुंटीला लावला. सोसायटीवाले दोनदा मागून गेले, यांनी नवीन घेऊन दिला त्यांना, हा दिला नाही. त्याचे खांद्यावरचे पट्टे निवृत्तीनं आपल्या मापानं आवळून घेतलेले आहेत, तिसऱ्या भोकावर. ते आम्ही कोणी सैल केले नाहीत.